रक्त स्वच्छ आहे

आमचे भाऊजी शंभर मोजायचे. पगारच त्याचा होता. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, त्याला रंग द्यायचा, काच मायक्रोस्कोपखाली सरकवायची आणि पांढऱ्या पेशी एकेक करून मोजायच्या. या जातीच्या इतक्या, त्या जातीच्या तितक्या, मिळून शंभर. डावा हात एका छोट्या पेटीच्या बटणांवर, उजवा काच सरकवायला. शंभर झाल्या की पेटी टिंग करायची. लॅबमधल्या मुली पाठीमागे त्यांना ‘शंभरकाका’ म्हणायच्या. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पुढे मिनिटभरात सगळं मोजणारं मशीन आलं. पण मशीनला शंका आली की काच बघावीच लागायची, आणि ती काच भाऊजींकडेच जायची. तेवढ्यावर ते सहा महिने छाती फुगवून फिरले.

मी त्यांची मेहुणी. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचं माझं दुकान आहे, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. भाऊजी मला ‘शिंपीणबाई’ म्हणायचे, मी त्यांना ‘रक्तपिपासू’ म्हणायचे. अशा थट्टेत सव्वीस वर्षं गेली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याशी जशी वागले ते ऐकून तुम्ही मला बोल लावाल, आणि लावायलाच हवा.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती बालवाडीत शिकवायची. एका खोलीत तीस पोरं, कुणाचं नाक वाहतंय, कुणाची चड्डी ओली, आणि ही मधोमध बसून शांतपणे कागदाच्या होड्या करतेय. घरीही तशीच. आईबाबा म्हणायचे, देवानं एकीचा राग काढून दुसरीच्या नाकावर ठेवला. दुसरी म्हणजे मी.

तर या ताईनं एका सकाळी एका पोराच्या थोबाडीत मारली. चार वर्षांचं पोर. पाचही बोटं उठली गालावर. कारण काय, तर तो तिच्याकडे बघून हसला. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि काही दिवस विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. मला कळलं तेव्हा मला खरंच वाटेना. मी म्हटलं, अहो, दुसरी कुणी असेल.

त्याआधी चार-सहा महिने ती थकली थकली म्हणत होती. रंग उतरला होता. जीभ भाजल्यासारखी होते, खाल्लेलं सगळं कडू लागतं, अशी तिची तक्रार होती. आम्ही तिच्या वयावर बोट ठेवलं. मुलगी नुकतीच लग्न होऊन दूर गेली होती, त्यावरही ठेवलं. बाईमाणसाच्या दुखण्याला कारणं सापडायला वेळ लागत नाही.

थोबाडीचं ऐकल्यावर भाऊजींनी घरीच ताईच्या बोटाला सुई टोचली आणि काच लॅबमध्ये नेली. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर स्वारी खुशीत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांनी मला चित्र काढून दाखवलं. “हे बघ शिंपीणबाई. या पांढऱ्या पेशीच्या पोटात एक गाठोडं असतं, त्याचे तीन-चार तुकडे असतात. हिच्यात सहा-सहा आहेत! आणि लाल पेशी बघ, केवढाल्या फुगल्यात. इतकी सुंदर काच मी दहा वर्षांत पाहिली नाही.”

बायको आजारी आणि हा माणूस म्हणतो सुंदर काच. पण मला तेव्हा राग नाही आला. उलट हायसं वाटलं. कारण सापडलं होतं.

“म्हणजे काय झालंय तिला?” मी विचारलं.

“दोनच गोष्टी असू शकतात. एक तर फॉलिक अ‍ॅसिड कमी, नाहीतर बी-ट्वेल्व कमी. आता बी-ट्वेल्व असतं दुधा-अंड्यांत. ही रोज ग्लासभर दूध पिते, दोन अंडी खाते. म्हणजे ते नाही. मग उरलं काय? फॉलिक! दोन रुपड्यांची गोळी. पेशी ठणठणीत झाल्या की रागबीग सगळं जाईल. माणसाचा स्वभाव म्हणजे तरी काय गं, पेशी बरोबर चालल्या की चांगला, नाही चालल्या की वाईट.”

“डॉक्टरला दाखवा ना एकदा.”

“तीस वर्षं डॉक्टर लोक मला विचारून औषधं देतात,” ते म्हणाले. ते खोटं होतं, पण फार खोटं नव्हतं.

ताईनं गोळ्या घेतल्या नाहीत. “मला गोळ्या नकोत. तुम्ही माझ्याकडे बघा जरा,” असं ती म्हणाली, आणि अख्खी पट्टी तिनं मोरीत टाकली. भाऊजींनी दुसरी आणली, तीही गेली. तिसरी पट्टी त्यांनी कपाटात, मोज्यांच्या खाली लपवली. आणि रोज सकाळी गोळी चमच्यानं चुरून ते तिच्या दुधात घालू लागले. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

तीन महिने गेले. भाऊजी दर महिन्याला सुई टोचून काच बघत. तुकडे सहाचे पाच झाले, पाचाचे चार. लाल पेशी आपल्या मापात आल्या, चेहऱ्यावर रंग आला. आणि ताई मात्र दिवसेंदिवस भयंकर होत चालली. दुधाचा ग्लास ती उजेडात धरून बघायची. “यात काहीतरी आहे,” म्हणायची. भाऊजी म्हणायचे, “काही नाही गं, तुला भास होतो.” तिनं त्यांना एकदा चमचा ढवळताना दाराच्या फटीतून पाहिलं, तर म्हणाले, साखर होती. ती दुधात साखर घालत नाही, सव्वीस वर्षांत कधी घातली नाही.

त्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. ताईनं ग्लास भिंतीवर फोडला. भाऊजींचाही तोल गेला. खिशातून त्यांनी महिन्याच्या काचेचा कागद काढला, तिच्यासमोर धरला आणि म्हणाले, “हे बघ. तुझं रक्त स्वच्छ आहे. पेशी एकेक करून मोजल्यात मी. आता जे उरलंय ना, तो आजार नाही. तो तुझा स्वभाव आहे. सव्वीस वर्षं दाबून ठेवलेला.”

ताई त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन माझ्या दुकानात आली.

“तो माझ्या दुधात विष घालतो,” ती म्हणाली.

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? ताई आयुष्यात खोटं बोलली नव्हती. माझं डोकं फिरलं. टेप गळ्यात तशीच, पायांत सपाता, मी तडक लॅबमध्ये गेले. बाकांवर पंधरा-वीस माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला बसली होती. त्यांच्यासमोर मी ओरडले, “माझ्या बहिणीच्या दुधात काय घालता हो तुम्ही?”

भाऊजी मायक्रोस्कोपवरून उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तोंड उघडलं, मिटलं. बाकावरची माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि त्या मुली मान खाली घालून नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मला वाटलं, चोर सापडला. मी आणखी बोलले. जे बोलले ते इथं लिहीत नाही. आठवड्याभरात मालकांनी भाऊजींना रजेवर जायला सांगितलं. रक्ताच्या धंद्यात नावाला डाग परवडत नाही.

मला वाटलं होतं, माझ्याकडे आली की ताई निवळेल. चार दिवस निवळलीही. पाचव्या दिवशी तिनं ताट नाकाशी नेऊन हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. जिचं बोट धरून मी चालायला शिकले ती बाई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी रस्त्यावरची कुणी.

“तूही त्याला मिळालीस,” ती म्हणाली.

मी शपथा घेतल्या, रडले, तिच्या ताटातलं आधी स्वतः खाऊन दाखवलं. कशाचा उपयोग नाही. ती रात्रंदिवस जागी. पाय बधिर होतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं, असं म्हणायची. मला वाटायचं, हेही तसलंच काहीतरी. चालताना ती पाय फाकवून टाकायची. एका सकाळी तोंड धुताना डोळ्याला साबण लागला म्हणून तिनं डोळे मिटले आणि मिटल्याबरोबर उभीच्या उभी कोसळली. कपाळ बेसिनवर आपटलं. मी पट्टी बांधायला गेले तर तिनं माझा हात पिरगाळला. त्या दिवशी तिची गादी झाडताना उशीखाली मला माझी कापड कापायची मोठी कात्री सापडली.

मी खाली बसले. मला कळेना, ती कात्री माझ्यासाठी होती की तिच्या स्वतःसाठी. दोन्हींतलं कुठलं बरं, तेही कळेना. कुणाला बोलवू? शेवटी ज्या माणसाला चारचौघांत खुनी ठरवून आले होते, त्यालाच फोन केला. म्हटलं, “भाऊजी, या हो. मला भीती वाटतेय.” दहा मिनिटांत ते आले. बटणं वरखाली लागलेली, दाढी वाढलेली.

मोठ्या रुग्णालयात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी रक्त पाठवलं आणि ताईला उभं करून डोळे मिटायला सांगितले, तर ती परत लटपटली. हातोडी, टाचणी, कापूस, सगळं करून झालं. ताई त्यांनाही शिव्या देत होती. नर्सबाईंनी तिचे हात कॉटच्या दांड्यांना मऊ पट्ट्यांनी बांधले तेव्हा मी खिडकीकडे तोंड केलं.

रिपोर्ट आले. रक्त अगदी व्यवस्थित. डॉक्टरीणबाई कागद उलटसुलट करत होत्या. “पाय बघितले तर काहीतरी वेगळं वाटतं मला,” त्या म्हणाल्या, “पण रक्तात काही नाही. मी यांना मनोरुग्णांच्या विभागात हलवते. तिथे किती दिवस राहावं लागेल ते मी नाही सांगू शकत. घरी काही औषधं चालू होती का?”

“नाही,” मी म्हटलं.

भाऊजी त्या कागदाकडे बघत होते. त्यांच्या हातात किती हजार रिपोर्ट येऊन गेले असतील, पण हा कागद त्यांनी बाईंच्या हातून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग ते म्हणाले, “रक्त व्यवस्थित दिसतंय ते मी केलंय म्हणून.”

“म्हणजे?”

“फॉलिक. पाच मिलिग्रॅम. तीन महिने. दुधात चुरून. तिला न सांगता.” मग म्हणाले, “गोळ्यांच्या आधीच्या काचेत पेशी बिघडलेल्या होत्या. मी तिच्या बी-ट्वेल्वची तपासणी केलीच नाही. मला वाटलं, मला माहीत आहे.”

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी फोन उचलला. बी-ट्वेल्व, ताबडतोब, असं काहीतरी त्या बोलत होत्या. पण मी ऐकत नव्हते. मी ताईकडे बघत होते. पडदा ओढलेला नव्हता. तिनं सगळं ऐकलं होतं. बांधलेल्या हातांनी ती पडून होती, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा शांत झाला होता.

“मी सांगत होते ना,” ती म्हणाली.

बाकी मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. आपल्या पोटाच्या अस्तरात काही पेशी असतात, त्या एक पदार्थ तयार करतात. तो असला तरच अन्नातलं बी-ट्वेल्व रक्तात शिरतं. ताईच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांनीच त्या पेशी शत्रू समजून मारून टाकल्या होत्या. मग दूध प्या नाहीतर अंडी खा, सगळं वाया. ते नाही म्हणून जिभेच्या नव्या पेशी होईनात, म्हणून जीभ भाजायची, म्हणून अन्न कडू लागायचं. मज्जातंतूंवरचं आवरण झिजत चाललं, म्हणून पाय कापसात आणि मेंदूत संशय. फॉलिकच्या गोळीनं फक्त रक्ताला रंगसफेदी केली. आत भिंत खचत होती आणि बाहेरून घर नवं दिसत होतं. आणि आमचे भाऊजी महिन्याला एकदा येऊन ती रंगसफेदी तपासत होते.

“रोज इंजेक्शन, मग आठवड्याला, मग महिन्याला, जन्मभर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “डोकं बरंचसं परत येईल. पायांचं नाही सांगत.”

नवव्या दिवशी ताईनं मला विचारलं, “अगं, माझ्यापायी तू दुकान बंद ठेवलंयस का?” मी तिच्या कुशीत तोंड घालून पोरीसारखी रडले. तीही रडली. त्या पोराच्या थोबाडीची आठवण काढून तर तिनं दोन दिवस पाणी घेतलं नाही. पुढे ती काठी टेकत त्याच्या घरी गेली. पोर विसरून गेलं होतं, त्यानं तिला आपला खेळण्यातला ट्रक दाखवला. त्याची आई मात्र शेवटपर्यंत दारातच उभी होती. काठी आता कायमचीच.

ती माझ्याच घरी राहिली. भाऊजी दर रविवारी यायचे. येताना फळं आणि हातात एखादा कागद. त्यांनी सगळं वाचून काढलं होतं. ताईच्या प्रत्येक वाईट शब्दासाठी त्यांच्याकडे एक पेशी तयार होती. ग्लास फोडलास ना, ते मेंदूच्या या भागामुळे. संशय घेतलास, तो त्या भागामुळे. “ती तू नव्हतीसच गं,” ते म्हणायचे. “ते सगळं रसायन होतं.” ताई ऐकून घ्यायची, संत्रं सोलून अर्धं त्यांना द्यायची. मला वाटलं, आता जमेल. भाऊजींनाही तसंच वाटलं. त्यांनी आपल्या घरी न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली, स्वयंपाकघराला रंग दिला. मला फोन करून विचारलं, शिंपीणबाई, पडद्याला कुठला रंग बरा दिसेल? लॅबनंही त्यांना परत बोलावलं होतं. मी माफी मागितली होती, सगळ्यांसमोर, त्याच बाकांसमोर. ते म्हणाले, जाऊ दे, तूही तुझ्या जागी बरोबर होतीस. म्हणणारा मोठा माणूस, पण मला अजून झोपेत ते बाक दिसतात.

एका रविवारी त्यांनी तिला विचारलंच. “घरी कधी येतेस?”

ताईनं हातातलं संत्रं ताटलीत ठेवलं. मग म्हणाली, “अहो, मी नाही येणार.”

“अजून राग आहे?”

“राग नाही. तोच तर घोटाळा आहे. राग होता तेव्हा निदान तुम्ही होतात. तुम्ही दारात आलात की माझी आग व्हायची, पण काहीतरी व्हायचं. आता तुम्ही आलात की मला काही होत नाही. बरं नाही वाटत, वाईट नाही वाटत. मी फार शोधलं हो. बसून बसून शोधलं. कुठे आहे का ते. नाहीये.”

ती हे त्यांना टोचायला म्हणत नव्हती, हेच सगळ्यांत वाईट होतं. शाळेत एखाद्या पोराला समजावून सांगावं तसं मऊ आवाजात सांगत होती. भाऊजींचा चेहरा मात्र खुलला. मला आधी कळेचना, की हा माणूस का खुश झालाय.

“म्हणजे काहीच वाटत नाही?” ते पुढे सरकून म्हणाले. “आणि कधीपासून? बाकीच्यांबद्दल वाटतं? भूक? झोप? अगं, मग हे उरलेलं आहे! अजून कमी पडतंय काहीतरी. डोस वाढवायला हवा. उद्या जाऊ या.”

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. म्हटलं, जा बाई, त्यांच्यासाठी जा.

डॉक्टरीणबाईंनी भाऊजींचं सगळं ऐकलं आणि ते म्हणतील त्या सगळ्या तपासण्या लिहून दिल्या. बी-ट्वेल्व, फॉलिक, थायरॉइड, लोह, सगळं. ताईशी त्या एकट्याच अर्धा तास बोलल्या. आम्ही दोघं बाहेर. त्या अर्ध्या तासात भाऊजी मला म्हणाले, “थायरॉइड निघेल बघ. त्यातही माणूस असाच कोरडा होतो. गोळी असते त्याला.” मग म्हणाले, “या वेळी मी तिला सांगून देईन.”

चार दिवसांनी आम्ही दोघंच रिपोर्ट घ्यायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर त्यांच्याकडे वळवून ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत एकेक आकडा वाचला. खालपर्यंत गेले, परत वरून सुरू केलं.

“परत एकदा पाठवू या का?” ते म्हणाले. “कधीकधी नमुना बिघडतो. मला माहीत आहे, मी त्याच कामात आहे.”

“काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नमुना चांगला आहे. मी त्यांच्याशी बोलले. मुलीबद्दल त्यांना माया आहे, बहिणीबद्दल आहे, शाळेत परत जायचंय त्यांना. त्या बऱ्या झाल्यात. पूर्ण बऱ्या झाल्यात.”

“कशातच काही कमी नाही?”

“कशातच नाही.”

त्यांनी कागदाची नीट चार घड्यांत घडी केली आणि खिशात ठेवली. बाहेर आल्यावर ते बाकावर बसले, मी शेजारी बसले. आजूबाजूला लोक आपापले कागद घेऊन येत-जात होते. कुणी हसत होतं, कुणी फोनवर घरी सांगत होतं की काही निघालं नाही, काळजी करू नका. भाऊजींनी तोंडावर दोन्ही हात ठेवले आणि त्यांचे खांदे हलू लागले. समोरची एक बाई मला हळूच म्हणाली, “वाईट निघालं का हो काही?”

मी म्हटलं, “नाही. सगळं चांगलं निघालंय.”